पॅडसाठी नाणे आणि चावी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय इमारतींतील महिला स्वच्छतागृहांत सॅनिटरी पॅड मोफत ठेवावेत, या मागणीला विरोध करणारे एका वाचकांचे पत्र आपल्या कालच्या अंकात वाचले. ‘शाळांत द्या, पण कार्यालयांत पाच रुपयांची यंत्रे बसवलेली असताना फुकट कशाला?’ असे त्यांनी विचारले आहे. अशा एका पाच रुपयांच्या यंत्रासमोर मी उभी राहिलेली आहे, म्हणून हे उत्तर.

गेल्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशासाठी नॉन-क्रिमीलेअर दाखला काढायला आम्ही दोघी ठाण्यातील एका शासकीय कार्यालयात गेलो होतो. साडेनऊपासून रांगेत होतो. आमचे टोकन ४७ क्रमांकाचे होते आणि खिडकीवर ४१ चालू असताना मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, मागून बघ ना जरा.” तारखेच्या सहा दिवस आधीच तिला पाळी आली होती आणि फिक्या कुर्त्यावर डाग उमटला होता. माझी पाळी जाऊन तीन वर्षे झाल्यामुळे माझ्या पर्समध्ये आता पॅड नसते. तिची ओढणी तिच्याच कमरेला बांधून मी तिला घेऊन स्वच्छतागृहाकडे धावले, तर दाराला कुलूप. चावी शिपायाकडे आणि शिपाई साहेबांच्या केबिनमध्ये. तो बाहेर आल्यावर पंधरा-वीस माणसांदेखत मला चावी मागावी लागली आणि “कशाला पाहिजे?” या त्याच्या प्रश्नाला उत्तरही द्यावे लागले. मुलगी भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून उभी होती.

आत भिंतीवर यंत्र होते. जागतिक महिला दिनी त्याचे उद्घाटन झाल्याची पट्टी त्यावर चिकटवलेली होती. मी पाचाचे नाणे टाकून मूठ फिरवली. नाणे आत गेले, पॅड आले नाही. वाकून काचेतून पाहिले, तेव्हा सगळे कप्पे रिकामे दिसले. शेवटी तिथे फरशी पुसणाऱ्या मावशींनी आपल्या पिशवीतले एक पॅड काढून मुलीच्या हातात ठेवले. कंत्राटावर काम करणाऱ्या त्या बाईंनी ते स्वतःसाठी आणलेले होते, आणि मी देऊ केलेले पैसेही त्यांनी घेतले नाहीत. आम्ही परत आलो तोवर खिडकीवर ५२ क्रमांक चालू होता आणि आम्हाला “नंबर गेला, उद्या या” असे सांगण्यात आले. माझी एक रजा गेली. घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा झाला असता.

पत्रलेखकांना पैशांची काळजी वाटते, तर पैशांचेच बोलू. जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एका रुपयाला एक पॅड मिळते. एखाद्या कार्यालयात दिवसाला ३० पॅड लागली असे धरले, तरी तीनशे दिवसांचे नऊ हजार रुपये होतात. ज्या इमारतीत फिनेल आणि साबण कंत्राटात बसतात, तिथे एवढी रक्कमही बसू शकते. मोफत ठेवल्याने पाच रुपये वाचतात हा मुद्दा माझ्या लेखी गौण आहे. नाणे शोधावे लागत नाही, यंत्र अडकत नाही आणि कोणापुढे तोंड उघडावे लागत नाही, हे मोठे आहे. पाळीची साधने मोफत देण्याचा कायदा स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२० मध्ये केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तो तिथे लागू आहे. ही साधने सहज आणि सन्मानाने मिळाली पाहिजेत, असे त्या कायद्यातच म्हटले आहे. ‘सन्मानाने’ या शब्दाचा अर्थ मला त्या बंद दारापाशी कळला.

राहिला ‘शाळांत द्या’ हा मुद्दा. शाळकरी मुलींसाठी एकसमान धोरण आखण्यास सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राला सांगितले, ते योग्यच झाले. पण बारावी झालेल्या मुलीला दाखल्यासाठी रांगेत उभे राहावे लागते तेव्हा ती शाळेत नसते. आणि हे काम आपल्या शहराला न जमणारे आहे, असेही नाही. वागळे इस्टेटच्या शांतीनगर वस्तीतील सार्वजनिक शौचालयात जानेवारी २०२१ मध्ये महापालिकेने एका सेवाभावी संस्थेच्या मदतीने पाळीच्या दिवसांसाठी स्वतंत्र खोली केली होती. तिथे पाणी, साबण आणि कचऱ्याचा डबा यांचा विचार झाला होता. जे वस्तीतल्या शौचालयात करता आले, ते अधिकाऱ्यांच्या कार्यालयात का करता येऊ नये?

डब्यावरून आठवले. त्या स्वच्छतागृहात ‘पॅड भांड्यात टाकू नये’ अशी ठळक सूचना होती, पण डबा कुठेही नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा मुलीने बदललेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून कळव्याला घरी आणले. पॅड उघड्या खोक्यात ठेवावीत, शेजारी झाकणाचा डबा असावा, दाराला आतून कडी असावी आणि बाहेरून कुलूप नसावे, आणि खोके भरण्याची जबाबदारी सफाईच्या कंत्राटात लिहिलेली असावी. यापेक्षा जास्त माझे काही मागणे नाही.

संपादक महोदय, आपल्याबद्दलही एक तक्रार आहे. अशा यंत्रांच्या उद्घाटनाची छायाचित्रे आपण छापता, परंतु चार महिन्यांनी त्यातले एक तरी यंत्र चालू आहे का, हे आपल्या वार्ताहराने जाऊन पाहिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. कृपया पाहावे.

आमच्या शेजारची मुलगी सोमवारी त्याच कार्यालयात दाखल्यासाठी जाणार आहे. मी तिच्याजवळ दोन पॅड दिली आहेत. एक तिला लागले तर, आणि एक त्या मावशींना परत करायला.

आपली,
एक वाचक, कळवा (ठाणे)