भाऊबीजेनंतरचे तीन दिवस

कोथरूड, पुणे
कोजागरी पौर्णिमा

ती. आई व ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

भाऊबीज झाली की त्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी मी आणि थोरली मुंबईला निघतोय, रविवारी रात्री परत येऊ. तुमचे जावई दौऱ्यावर आहेत, म्हणून धाकट्याजवळ तुम्ही दोघं गुरुवारीच आलात तर बरं. फोनवर सगळं सांगायला गेलं की अर्धं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र फ्रिजवर लावून ठेवलं तरी चालेल.

आधी तुमच्या प्रवासाचं. साताऱ्याहून स्वारगेटची विनाथांबा गाडी घ्या. बाबांना पंच्याहत्तरीपुढचे म्हणून एसटीत तिकीट नाही आणि आई, तुला अर्धं. आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. स्वारगेटला रिक्षावाल्यांशी घासाघीस करत बसू नका, स्टँडला लागूनच मेट्रो आहे. सरकते जिने टाळून लिफ्टनेच खाली जा, स्टेशन बरंच खोल आहे. सिव्हिल कोर्टला उतरायचं आणि तिथे वर येऊन वनाझकडे जाणारी गाडी पकडायची. धाकटा आनंदनगर स्टेशनवर उभा असेल. ते काम मी त्याच्यावर सोपवलंय आणि त्याने ते आनंदाने घेतलंय.

आता त्याच्याबद्दल. तुम्ही मे महिन्यात पाहिलेला मुलगा आणि आत्ताचा यात फरक आहे. तेरावं लागल्यापासून तो चार बोटं उंच झाला, आवाज फुटलाय. फोनवर त्याचा आवाज चिरकला तर त्यावर हसू नका, कुणी पाहुणे आले तर त्यांच्यासमोर तर अजिबात नको. या वयात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढू शकते, त्यामुळे भूकही तशीच. रात्री पाच पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, उसळ आणि वर भात एवढं तो सहज खातो. पण खरी वेळ आहे संध्याकाळी पाचची. तेव्हा पोटभर काही मिळालं नाही तर तो बिस्किटांचा पुडा संपवतो आणि रात्री ताटावर उगाच बसतो. दोन अंडी आणि पोळी, किंवा शेंगदाणे घालून मोठी ताटली पोहे, एवढं पाचला ठेव.

सकाळी सहाला त्याला हाक मारू नका. हे मी लाड म्हणून सांगत नाही. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात तास-दोन तास उशिरा सुटू लागतं, त्यामुळे दहाला दिवा घालवला तरी अकरा-साडेअकराशिवाय डोळा लागत नाही. आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. शाळा असते तेव्हा ती पुरत नाही, सुट्टीत भरून काढू द्या. नऊला उठवा, त्याहून उशीर नको, नाहीतर रविवारी रात्री तो टक्क जागा राहील. फोन मात्र रात्री दहाला हॉलमधल्या चार्जरवर. हा नियम आम्हा चौघांनाही आहे, म्हणून तो कुरकुरत नाही. बाबा, तेवढे तीन दिवस तुमचाही फोन तिथेच ठेवा.

त्याच्या खोलीचं दार लोटलेलं असेल तर टकटक करून आत जा. तोंडावरच्या पुटकुळ्यांना लिंबू, टूथपेस्ट, हळद काही लावू नकोस आई. लिंबाने कातडी भाजते आणि फोडलं की डाग राहतात. दिवसातून दोनदा साध्या साबणाने तोंड धुणं एवढंच चालू आहे, तेवढं पुरे.

बोलण्याचं सांगते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागेल. ‘आज काय केलंस’ असं समोर बसवून विचारलं की उत्तर एक शब्दात येतं, ‘काही नाही’. त्याला राग आलेला नसतो. डोळ्यांत डोळे घालून विचारलेला साधा प्रश्नही या वयात चौकशीसारखा वाटतो. हात कामात असले आणि दोघं शेजारी-शेजारी बसलेले असले की तोच मुलगा तासभर बोलतो. मटार सोलायला बसव त्याला. आणि बाबा, तुमच्यासाठी एक काम राखून ठेवलंय: त्याच्या सायकलचं मागचं चाक पंक्चर आहे. दुकानात नेऊ नका. बाल्कनीतल्या पेटीत पाने, सोल्यूशन, पॅच, पॉलिश पेपर सगळं आहे.

तुम्हाला यातलं शिकवायला नको, पण त्याने मागच्या वेळी स्वतः काढलेलं पंक्चर दोन दिवसांत पुन्हा गेलं. ते का गेलं हे त्याला तुमच्या हाताखाली कळू दे. तीन गोष्टी चुकल्या असणार. ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे पाहिले, भोक सापडलं, पण टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढला नाही. सोल्यूशन लावून लगेच ओल्यावरच पॅच दाबला. ते पाच मिनिटं सुकू द्यायला हवं, बोट लावलं तर चिकट लागलं पाहिजे, ओलं नाही. आणि शेवटी टायर रिमवर चढवताना पान्याने ट्यूब चिमटली. शेवटचा वीतभर टायर अंगठ्यांनीच चढवायचा, हे त्याला सांगून पटणार नाही, करून पटेल. चुकू द्या. ट्यूब गेली तर नवी आणू.

आता आमच्या सहलीचं, कारण बाबांनी फोनवर दोनदा विचारलं की दोघी बायका एकट्या मुंबईत तीन दिवस करणार काय.

थोरलीची चित्रकला इंटरमिजिएटपर्यंत आली आहे. तिला बारावीनंतर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जायचंय, चार वर्षांची पदवी, त्यासाठी प्रवेश परीक्षा असते. नववीत ठरवलेलं टिकेलच असं मी धरत नाही, पण जिथे जायचं म्हणते ते शहर तिने पायी पाहावं एवढं मला वाटतं. म्हणून ही सहल तिची आहे. गाड्या, रस्ते, वेळ सगळं ती ठरवणार, पैसे तिच्याजवळ असणार. रात्री नऊच्या आत खोलीवर आणि गर्दीच्या वेळी लोकल नाही, या दोन बाबतींत फक्त माझा शब्द शेवटचा.

डेक्कन क्वीनचं जाता-येता आरक्षण झालंय. साठ दिवस आधी खिडकी उघडते, त्याच दिवशी तिने काढलं, नाहीतर दिवाळीत मिळत नाही. सकाळी 7.15ला पुण्याहून सुटते, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी. बाबा, 1930 पासून धावतेय ही गाडी, हे तुम्हीच आम्हाला सांगायचात. डायनिंग कार अजून आहे.

खोली फोर्टातच घेतली आहे, स्टेशनपासून चालत. उपनगरात हजार-बाराशे रुपये वाचले असते, पण मग रोज दोनदा लोकल, आणि दुपारी पाय दुखले की टेकायला जागा नाही. मुलीबरोबरच्या सहलीत भांडण कुठे होतं तर दुपारी चारला, पोट रिकामं आणि टाचा भरून आलेल्या असताना. दोन ते चार आम्ही खोलीवर आडव्या होणार, हे तिने स्वतः वहीत लिहिलंय. दिवसाला एक गोष्ट तिची, एक माझी, तिसरी धरायचीच नाही.

शुक्रवारी सामान टाकून पहिल्यांदा सीएसएमटीचीच इमारत बाहेरून. 1888ला पूर्ण झालेली ही वास्तू 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्यावरच्या दगडी कोरीवकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत, आणि जे. जे. समोरच्याच रस्त्यावर. फाटकाजवळच्या सिंह-वाघाचं रेखाटन करायला तिला तास लागेल. तोवर मी छत्री धरून बसेन, नोव्हेंबरातही मुंबईचं ऊन लागतं. तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा, जहांगीर, वस्तुसंग्रहालय, गेटवे असा सरळ रस्ता आहे, सगळा मिळून जेमतेम अडीच किलोमीटर. बाबा, हुतात्मा चौकात ती थांबेल आणि तुम्हाला फोन करेल. संयुक्त महाराष्ट्राचं तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. दहा मिनिटांत सांगा, रस्त्यावर उभी असेल ती. संध्याकाळी ओव्हल मैदान: एका अंगाला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला आर्ट डेकोच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती. मधोमध उभं राहिलं की साठ-सत्तर वर्षांत बांधकामाची आवड कशी पालटली ते दिसतं. प्रेमचंद रायचंदांनी टॉवरसाठी देणगी दिली आणि त्याला आईचं नाव दिलं, हे आई, तुला आवडेल.

शनिवारी घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, आपल्याला तो प्रश्न नाही. गेटवेहून सकाळी नऊची पहिली लाँच, तासाभराचा प्रवास. उशिरा गेलं की शंभर-सव्वाशे पायऱ्या ऐन उन्हात चढाव्या लागतात. लाँच हलते, म्हणून रिकाम्या पोटी नाही आणि भरल्या पोटीही नाही: इडली खाऊन, खालच्या मजल्यावर मध्यभागी बसायचं, नजर लांब किनाऱ्यावर, फोनवर नाही. लाइफ जॅकेट मिळेल ते लगेच घालायचं आणि बंद आवळायचे. थोरली चौदाची, पंधराच्या आतल्यांना लेण्यांचं तिकीट नाही, पण वय विचारलं तर दाखवायला आधार कार्ड घेतलंय. खाऊ पिशवीबाहेर काढायचा नाही, माकडं हातातून नेतात. वीसेक फूट उंच तीन मुखांचा सदाशिव पाहायला मात्र घाई करायची नाही. बाहेरून आत आलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं जातात, तेवढा वेळ न थांबता लोक फोटो काढून निघून जातात आणि मग म्हणतात काही दिसलं नाही.

पोर्तुगीजांनी या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते तिथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. रविवारी सकाळी तो पाहायला जायचं हे तिने शोधून काढलं. मला ते सुचलं नसतं. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी बघून ठेवायचा. लोकल नसेल तर टॅक्सी, कारण शहराच्या त्या भागात रिक्षा येतच नाहीत.

लोकलमध्ये चुकामूक झाली तर काय, हे आई, तू विचारशीलच. आम्ही स्लो गाडीच घेणार. जी चढली तिने पुढच्या स्टेशनला उतरून मधल्या इंडिकेटरखाली थांबायचं, जी राहिली तिने मागच्या गाडीने यायचं. कुणीही उलट दिशेला परत फिरायचं नाही, दोघी फिरल्या की दोघी चुकतात. माझा नंबर तिच्या पाकिटात कागदावर आहे, फोन बंद पडला तरी चालेल. डबा बायकांचा, आणि दाराशी फोन हातात धरायचा नाही.

खर्चाला तिच्याजवळ पाकिटात अडीच हजार आहेत, तिच्या खरेदीचे. कुलाबा कॉजवेवर शुक्रवारीच सगळे संपले तर मी वर एक रुपया घालणार नाही. फोन करून तुमच्याकडे मागितले तर बाबा, तुम्हीही पाठवू नका. तिथे कानातलं घेताना चिमटा आणि कपडा घेताना चेन, शिवण दुकानातच तपासावी लागते, परत कुणी घेत नाही. भाव अर्ध्यावर सुरू करायचा.

पाळी त्याच दिवसांत येण्याचा संभव आहे. आठ पॅड, कागदी पिशव्या, गडद रंगाची जादा पँट, जेवणानंतर घ्यायची गोळी, सगळं तिच्याच सॅकमध्ये. चार-सहा तासांनी बदलायचं, म्हणून संग्रहालय, हॉटेल, स्टेशनची वेटिंग रूम, जिथे स्वच्छतागृह दिसेल तिथे गरज नसली तरी जायचं आणि लाँचआधी नक्की. पाणी कमी प्यायचा उपाय करायचा नाही. मुली तेच करतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. आई, आली तर जाऊ नका असं तिला म्हणू नकोस.

फोन दिवसातून तीनदा: पोहोचल्यावर, दुपारी खोलीवर, रात्री नऊला. मधे उचलला नाही तर आम्ही गाडीत किंवा संग्रहालयात आहोत असं समजा. रविवारी 5.10ची गाडी, साडेआठच्या सुमारास पुणे स्टेशन, घरी सव्वानऊ. जेवायला थांबू नका.

गीझर चालू केल्यावर दहा मिनिटांत बंद करा, आपोआप बंद होत नाही. दुसरा सिलिंडर भरलेला आहे. बाबांच्या बीपीच्या गोळ्या पाच दिवसांच्या आणा, तीन नाही. आणि आई, हळिवाचे दहा लाडू करून आण. थोरलीचं हिमोग्लोबिन अकरावर आलंय, मुलींना निदान बारा हवं. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत, त्यासोबत रोज एक लाडू द्यायचा. फक्त तिला चहाबरोबर देऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. तासभर आधी दे, वर लिंबाचं सरबत दे.

किल्ली धाकट्याजवळ आहे. दुसरी शेजारच्या काकूंकडे.

तुमची लेक