बिले मागाहून घ्या, पैसे आधी द्या

महोदय,

तरुण संशोधकांना परदेशातील परिषदांसाठी प्रवास अनुदान मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते कधी मिळते, हे कोणी विचारत नाही. कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस म्हणून एक अनुभव सांगतो.

आमच्या विभागातील एक मुलगी खारपाणपट्ट्यावर पीएच.डी. करीत होती. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा पट्टा. खाली खारे पाणी, वर सोडियम धरून बसलेली काळी माती. पाऊस झाला तरी पाणी मुरत नाही आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. भर मे महिन्यात दीड मीटर खड्ड्यात उतरून, मूठभर माती पाण्यात मळून, अंगठ्याने तिची पट्टी ओढत पोरीने एकेक थर तपासला. 2022 च्या ग्लासगोच्या जागतिक मृदाविज्ञान परिषदेत तिचे पोस्टर स्वीकारले गेले, अनुदानही मंजूर झाले. पेढे वाटून झाल्यावर पत्र नीट वाचले. परिषदेहून परतल्यावरच रक्कम मिळणार. तिकीट, बोर्डिंग पास, नोंदणीची पावती जोडून.

वडिलांची सहा एकर कोरडवाहू. आईच्या पाटल्या गहाण पडल्या तेव्हा तिकीट निघाले. अनुदान हाती आले अकरा महिन्यांनी. मधल्या काळातले व्याज कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. तिच्याच बरोबरच्या एका मुलाने तर मंजुरीचे पत्र फाइलला लावून ठेवले आणि गेलाच नाही. त्याच्या घरी पाटल्या नव्हत्या.

मला दौऱ्यावर जाताना प्रवासभत्त्याची उचल आधी मिळायची, हिशेब आल्यावर द्यायचा. पगारदार प्राध्यापकाला जी सोय, ती फेलोशिपवर जगणाऱ्या विद्यार्थ्याला का नाही? मंजुरीपत्र दाखवले की तिकिटाचे आणि नोंदणीचे पैसे विद्यापीठाने फिरत्या निधीतून द्यावेत, अनुदान आले की ते परस्पर वळते करून घ्यावे. यात विद्यापीठाचे जाते काय?

'ऑनलाइन सादर करा की' असे आता सर्रास सांगितले जाते. ग्लासगोत तिच्या पोस्टरवरचा भेगांचा फोटो पाहून सुदानचा एक संशोधक थांबला आणि म्हणाला, ही तर आमच्या गेझिराची जमीन! (गेझिरा म्हणजे सुदानमधला काळ्या मातीचा प्रदेश.) दोघे तासभर अशी जमीन सुधारण्यासाठी घालायच्या जिप्समवर आणि पाण्याच्या निचऱ्यावर बोलत बसले. आजही ते एकमेकांना आकडेवारी पाठवतात. पडद्यावरच्या दहा मिनिटांत असा कोणी थांबत नाही.

1982 मध्ये हीच परिषद दिल्लीत भरली होती. आम्ही काही विद्यार्थी जीटी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात, दाराशी बसून गेलो होतो. खर्च झाला तो डबा-चहाचा. आता ती दर चार वर्षांनी कुठे ना कुठे परदेशातच असते. 2026 ची चीनमधल्या नानजिंगची, तीही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे ऐन मृगात, जेव्हा कोरडवाहू घरातला शेवटचा रुपयाही बियाण्याच्या दुकानात गेलेला असतो.

– एक निवृत्त प्राध्यापक, अकोला