गेरू, हेअरस्प्रे आणि बसंतरचा रणगाडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या करायच्या छंदांवर लेख आला होता. त्यात लिहिलंय की रणगाड्याचं मॉडेल वापरलेलं, धुळकट, गंजलेलं दिसायला हवं असेल तर बाहेरून मागवलेल्या रंगांच्या महागड्या बाटल्यांशिवाय पर्यायच नाही. वाचून खरंच वाईट वाटलं. मी कळव्यात राहतो, गेली नऊ वर्षं १:३५ स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे, रणगाडे बनवतोय आणि त्यातल्या बहुतेकांचं वेदरिंग, म्हणजे हे जुनं-वापरलेलं रूप देणं, वाण्याकडच्या, स्टेशनरीतल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानावर झालंय. तो लेख वाचून आठवीतल्या एखाद्या पोराने किट परत माळ्यावर ठेवला असेल तर फार चुकीचं होईल, म्हणून लिहितोय.

गंजासाठी मी गेरू वापरतो, तोच जो आपण कुंड्यांना आणि तुळशी वृंदावनाला लावतो. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा आणि गंज म्हणजेही लोहाचं ऑक्साइडच, मग बाटलीत अजून वेगळं काय असणार? ताजा गंज जरा नारिंगी असतो म्हणून त्यात चिमूटभर पिवळी माती टाकायची, मलमलच्या कापडातून दोनदा चाळायचं आणि टर्पेंटाइनच्या थेंबाने सायलेन्सरवर बसवायचं. आधी मी मेडिकलमधलं स्पिरिट वापरून बघितलं तर खालचा ॲक्रेलिक रंगच उचलला गेला, अख्खा रविवार वाया. टर्पेंटाइनसुद्धा उघड्या प्लॅस्टिकवर जाऊ द्यायचं नाही, बारीक भाग तडकतात, आधी वार्निशचा हात हवाच.

रंगाचे टवके उडालेले दाखवायचे तर खाली गंजाचा रंग, त्यावर केसांच्या स्प्रेचे दोन हलके हात, त्यावर ॲक्रेलिकचा रंग, आणि थोड्या वेळाने ओल्या जाड ब्रशने हळूहळू घासलं की पाणी आत शिरून स्प्रेचा थर सुटतो आणि वरचा रंग तुकड्यातुकड्याने निघतो. ही पद्धत जगभर चालते पण खाडीकाठच्या जुलैत स्प्रे वाळतच नाही, चिकट राहतो, म्हणून मी पुठ्ठ्याच्या खोक्यात वर पिवळा बल्ब लावून मॉडेल रात्रभर आत ठेवतो. बर्फातला रशियन रणगाडा असेल तर साधा पांढरा पोस्टर कलर. खऱ्या रणगाड्यांना हिवाळ्यापुरता पांढरा हात फासायचे आणि तो घासून, पाण्याने निघून जायचा, पोस्टर कलरही वाळल्यावर पाण्याने तसाच निघतो. आणि १९४३ पासून जर्मन रणगाडे गडद पिवळ्या रंगात यायचे, वरचे हिरवे-तपकिरी पट्टे सैनिक स्वतः मारायचे, रंगाची पेस्ट पेट्रोलमध्ये नाहीतर पाण्यात पातळ करून. जे हाती असेल त्यावर काम भागवणं हे खऱ्या रणगाड्यावरही चाललेलंच आहे.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते आपल्या रणगाड्यांबद्दल. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत लढलेल्या, पुना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या अरुण खेत्रपालांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा करायला घेतला तेव्हा मी पण आधी बाटलीवरचा युरोपातला काळपट चिखल फासून मोकळा झालो होतो आणि वर भरपूर गंज. मग लक्षात आलं की १९७१ चं युद्ध ३ ते १६ डिसेंबर, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाही, तेवढ्यात चालता रणगाडा भंगारासारखा कसा गंजेल? त्याच्यावर असणार बसंतर नदीकाठचा फिकट मातकट चिखल आणि धूळ. सगळं धुऊन परत केलं, मुलतानी मातीत थोडी राख मिसळून. राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवालाच्या लढाईतला रणगाडा करायचा असेल तर तीच माती चालणार नाही, तिथे पिवळी वाळू.

नगरच्या टँक म्युझियमला मी दोनदा जाऊन आलोय, जागा अप्रतिम आहे, प्रत्येकाने बघावी, पण तिथले रणगाडे रंगवून नीट ठेवलेले, युद्धातली माती तिथे कुठून दिसणार. ती बघायला मी घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामावरच्या पोकलेनपाशी उभा राहतो. साखळीची जमिनीला घासणारी कड चकचकीत, आतल्या बाजूला चिखल गच्च बसलेला, दरवाज्याच्या पायरीवर बुटांनी रंग गेलेला. ती चकाकी ६बी पेन्सिल घासून हुबेहूब येते, बाकी काही लागत नाही.

तर पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापा ही विनंती. आणि सोबत हेही छापा की टर्पेंटाइन आणि स्प्रे वापरताना खिडकी उघडी हवी, माती चाळताना तोंडाला मास्क हवा आणि लहान मुलांनी हे घरातलं मोठं माणूस शेजारी बसल्याशिवाय करू नये.

आपला,
एक नियमित वाचक, कळवा, ठाणे