कोण गेलं हिचं?

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर परत तेच झालं. आईने विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हटलं, "गाण्यांचे व्हिडिओ बघतेय," आणि तिकडून काही आवाजच नाही. मग बाबांचं "चांगलंय, चांगलंय." ते कधी येतं हे मला आता पाठ झालंय. चाळिशीला टेकलेली मुलगी नोकरी सोडून माध्यमांचा अभ्यास करायला जाते आणि गाणी बघत बसते, हे तुम्ही चारचौघांत कसं सांगत असाल कोण जाणे. म्हणून फोनऐवजी पत्र. शिवाय बाबांचं माझ्यावर एक देणं झालंय, तेही फोनवर फेडता येणार नाही.

तर आम्ही काय करतो? चार-पाच मिनिटांचं एक गाणं घ्यायचं. आधी आवाज बंद करून बघायचं. मग पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. मग दोन्ही एकत्र. आणि मग वही. एकेक शॉट थांबवून लिहायचा: किती सेकंदांचा, कॅमेरा जवळ की लांब, हलतो की स्थिर, त्या वेळी शब्द कोणते, कट ठेक्यावर पडला की त्याच्या अलीकडे-पलीकडे. पहिल्या व्हिडिओला मला तीन रात्री लागल्या. शंभरावर तुकडे निघाले. डोळे इतके चुरचुरले की हिशेबाची नोकरी काय वाईट होती, असंही वाटून गेलं.

आई, गाणं ऐकताना समेवर तुझी मान हलते ना, मला वाटायचं एडिटरही तेवढंच करत असणार. पण दर समेवर कट पडायला लागला की अर्ध्या मिनिटात कंटाळा येतो. चांगला एडिटर चारदा ठेका पाळतो आणि पाचव्यांदा हुलकावणी देतो. मिशेल गोंड्री नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाने 2002 मध्ये केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडीसाठी केलेल्या 'स्टार गिटार'च्या व्हिडिओत ना गायक आहे, ना नाच. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारं बाहेरचं दृश्य, एवढंच. मला पहिल्या वेळी काही कळलं नाही, झोपच येत होती. दुसऱ्यांदा लक्षात आलं की खांब, इमारती, पूल सगळे ठेक्यावर येतायत. नवा सूर लागला की खिडकीबाहेर नवी वस्तू. आता गाडीत बसले की मी खांब मोजते.

बाबा, तुम्हाला यंत्रातली खुबी आवडते म्हणून हे खास. स्लो मोशनमध्ये गायक तरंगत असतो, तरी ओठ शब्दांशी बरोबर जुळतात, ते कसे? शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, गायक त्याच वेगाने ओठ हलवतो आणि नंतर चित्र निम्म्या वेगाने चालवतात. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा गायक ख्रिस मार्टिन, त्याने तर 'द सायंटिस्ट'च्या व्हिडिओसाठी अख्खं गाणं उलटं म्हणायची तालीम केली होती, कारण त्यात सगळं मागे मागे जातं आणि ओठ मात्र सुलटे शब्द म्हणताना दिसायला हवेत.

सिद्धांताचं फार सांगत नाही. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने 1992 च्या पुस्तकात शब्द आणि चित्र यांची नाती मांडलीत: चित्र शब्दांना धरून चालतं, त्यात भर घालतं, किंवा शब्दांशी फटकून राहतं. गायकाचे एवढे क्लोज-अप का असतात, याचंही उत्तर तो देतो. रेकॉर्ड विकायची तर चेहरा ओळखीचा व्हायला हवा. आई, "शेवटी जाहिरातच ना?" असं तू म्हणाली होतीस, आणि मी उगाच वाद घातला होता. 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी अमेरिकन वाहिनी सुरू झाली तेव्हा हे व्हिडिओ रेकॉर्ड कंपन्यांनीच पुरवलेले होते. तेव्हा तुझंच खरं.

आता ते देणं. गेल्या वेळी घरी आले होते तेव्हा मी सिनेड ओ'कॉनर या आयरिश गायिकेचा 'नथिंग कम्पेअर्स टू यू' हा व्हिडिओ बघत होते, 1990 चा. बाबा, तुम्ही शेजारी येऊन बसलात. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. पडद्यावर काळोखात नुसता तिचा चेहरा. थोडा वेळ बघून तुम्ही विचारलंत, "कोण गेलं हिचं?" मी जरा वैतागूनच म्हटलं, "कोणी नाही हो, प्रेमभंगाचं गाणं आहे." तुम्हाला ते ऐकू आलं नाही, की ऐकून सोडून दिलंत, माहीत नाही. बघत राहिलात.

माझ्या कच्च्या निबंधात 'प्रेमभंग' हा शब्द नऊ वेळा होता. नंतर वाचनात आलं की व्हिडिओत सिनेडच्या गालावर ओघळणारे अश्रू खरे होते आणि आपल्याला आईची आठवण आली होती, असं तिनेच सांगितलंय. तिची आई 1985 मध्ये अपघातात गेली होती. गाणं मुळात प्रिन्स या अमेरिकन गायकाचं. त्यात शेवटाकडे एका ओळीत आईने परसात लावलेली फुलं येतात, आणि तिथेच तिचे डोळे भरतात.

मी आनंदाने हे सगळं लिहून दिलं. बाईंनी लाल पेनाने शेरा मारला: "गायिका काय म्हणाली हा पुरावा नव्हे. वडिलांना आवाजाशिवाय हे कुठे दिसलं, ते पडद्यावर दाखव."

परत वही. काळे कपडे, मागे काळोख, म्हणून चेहऱ्याखेरीज बघायला काही नाही. मधूनमधून ती पॅरिसजवळच्या सँ-क्लूच्या बागेत दगडी पुतळ्यांजवळून एकटी चालते. ज्याने सोडलं तो कुठेच दिसत नाही. ती थेट आपल्याकडे बघते, रागाने सुद्धा, आणि मग नजर खाली जाते, जणू ज्याच्याशी भांडायचं तो समोर नाहीच. अश्रू ओघळतो तेव्हा कॅमेरा घाई करत नाही, तो गालावरून खाली उतरेपर्यंत आपल्याला बघावं लागतं. हे सगळं माझ्या वहीत आधीपासून होतं, बाबा. सेकंदांसकट. शब्द कानावर पडत होते म्हणून मी ते वाचलं नव्हतं.

पुढच्या निबंधासाठी मला तुम्ही दोघं हवे आहात. उद्या एक व्हिडिओ पाठवते. बाबा, तुम्ही यंत्र काढूनच बघा. आई, तू पडद्याकडे पाठ करून बस, वळून बघायचं नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर चार ओळी लिहा, एकमेकांना न विचारता. रविवारपर्यंत फोटो काढून पाठवा, सोमवारी मला वर्गात मांडायचंय.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, तुमच्या प्रश्नाचं श्रेय निबंधात दिलंय. पान 4, तळटीप.