उतरेल

ठाणे, रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "आईकडे देतो" म्हणतात आणि आई आमसुलं किती पाठवू त्यावर येते. म्हणून लिहिते आहे. दिवाळीनंतरच्या त्या पहाटेबद्दल आपण तिघांनीही पुन्हा तोंड उघडलेलं नाही. गडी वाचला, विषय मिटला. माझा मिटत नाही.

इथे मैत्रिणींना मी ती गोष्ट अशी सांगते: बाबांना वाटेत सड्यावरच्या काकांकडे पान, म्हणजे सापाचं विष, मंत्राने उतरवायला थांबायचं होतं, मी गाडी थांबवली नाही, थेट रत्नागिरी गाठली, म्हणून माणूस जगला. ऐकणाऱ्या माना डोलावतात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त मी गोष्ट मधून सुरू करते.

सुरुवातीला मी पडवीत चहा घेत बसले होते. आपला नेपाळी गडी बहादूर, निजतो त्या मांगराकडून भिंतीला धरत आला. पोटात दुखतंय म्हणाला. जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले. मी मोबाइलमधून मान वर केली तेवढीच. म्हटलं, "रात्रीची आहे. झोपू दे त्याला, उतरेल."

बाबा, तुम्ही पूजेची फुलं काढून येत होतात. परडी पायरीवर ठेवलीत, त्याची हनुवटी धरलीत आणि वर बघ म्हणालात. त्याला पापण्या उचलेनात. "अगो, हा प्यायलेला नाही. पान लागलंय ह्याला." अंगावर दाताची खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. मण्यार असंच करते म्हणे. रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते, झोपमोडसुद्धा होत नाही. पहाटे पोटात कळा, मग पापण्या, मग जीभ आणि शेवटी छातीचे स्नायू. हे सगळं मी ठाण्याला परतल्यावर वाचलं. तुम्हाला ते न वाचता ठाऊक होतं.

तुम्ही दहा मिनिटं उशिरा आला असतात तर? तो मांगरात जाऊन पडला असता, दुपारी मेलेला सापडला असता, आणि मी म्हटलं असतं, दारूने गेला. कुणी तपासलंही नसतं. "नेपाळी पितातच" या माझ्या खात्रीला आणखी एक पुरावा मिळाला असता. सड्यावरच्या काकांच्या मंत्रावर मी वर्षानुवर्षं हाच आक्षेप घेत आले ना? वाचले ते मंत्राने, मेले ते वेळ भरली म्हणून. दोन्हीकडून मंत्रच खरा. माझ्या खात्रीची बांधणी नेमकी तीच होती, आणि विज्ञान शिकलेली मी होते.

गाडीत आपलं कडाक्याचं भांडण झालं. त्याला मागच्या सीटवर कुशीवर निजवलं होतं आणि आपण पुढे एकमेकांवर ओरडत होतो. तुम्ही म्हणालात, काकांनी आयुष्यात शंभर तरी माणसं उठवलीत. मी म्हटलं, त्यातल्या बहुतेकांना धामण नाहीतर दिवड चावलेली असणार, आणि विषारी सापसुद्धा कधीकधी कोरडाच चावतो, विष सोडत नाही. तेव्हा तुम्ही एक वाक्य बोललात, ते मी रागाच्या भरात नीट ऐकलं नाही. म्हणालात, "पापण्या पडलेल्याला ते हात लावत नाहीत. वेळ टळली म्हणतात आणि परत पाठवतात."

बाबा, हे वाक्य इथे लोकलमध्ये उभं असताना आठवलं आणि माझं स्टेशन चुकलं. म्हणजे काकांना कळतं! कोण आपोआप उठणार आणि कोण नाही, हे ते पापणीवरून ओळखतात, आणि तुम्ही पापणी बघायला शिकलात ते त्यांच्याकडूनच. मी त्यांना सरसकट भोंदू ठरवून मोकळी झाले होते. मंत्रात काही नाही, हे मी आजही म्हणते, आणि दंश झालेल्याला उपचारांपासून अडवून मंत्र घालणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे तो योग्यच आहे. पण पन्नास वर्षं माणसांच्या डोळ्यांत पाहिलेल्याला काय दिसलं, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचाराल का? आणि परत पाठवलेल्यांपैकी किती गेले, तेही विचारा. तो आकडा कुणीच ठेवलेला नसतो.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तो ठेवला. इंगळी, म्हणजे लाल विंचू, चावली की आपल्याकडे माणसं पटापट मरत. मांत्रिकाला उपाय ठाऊक नव्हता आणि, खरं सांगायचं तर, पुस्तकातल्या डॉक्टरांनाही नव्हता. हा तरुण डॉक्टर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रात्र-रात्र रोग्यांच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहीत राहिला. माणूस जातो तो हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरल्याने, हे त्यातून लक्षात आलं. मग प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी देऊन पाहिली. शेकडा 40 च्या आसपास जाणारे मृत्यू 1 वर आले. 1982 मध्ये त्यांनी टिपलेली लक्षणं आणि 1986 मध्ये प्राझोसिनचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्या महाडातून! बाबा, तुम्हाला हा माणूस आवडेल. काकांसारखाच खाटेशी बसणारा, फक्त वही घेऊन.

आता दुसरी गोष्ट, तीच लिहायला जड जाते. "नेपाळी पितातच" हे मला कुणी शिकवलं? तुम्ही कधी म्हणालाच नाहीत. पण लहानपणी पडवीच्या वाशाला खोचलेला जर्मनचा पेला मी रोज पाहत होते. नारळ पाडायला येणाऱ्याने तो स्वतः काढायचा, चहा प्यायचा, स्वतः विसळायचा आणि परत खोचायचा. आजी म्हणायची, त्यांचं त्यांना बरं पडतं. मी ते पाठ केलं. पेला कधीच गेला, तुम्हीच फेकलात बाबा, ते मला आठवतंय. पण "ते लोक असेच" हे वाक्य माझ्या डोक्यात वाशाला तसंच खोचलेलं राहिलं. त्यात फक्त माणूस बदलला.

केसपेपरवर नाव विचारलं तेव्हा आपण दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सात मोसम तो आपल्या कलमांना फवारणी करतोय. बहादूर हे त्याचं नाव नाहीच! त्याच्या भावाला फोन लावून नाव मिळालं, तोवर त्याला नळी घालून झाली होती. चौथ्या दिवशी स्वतःचा श्वास घ्यायला लागला तेव्हा तुम्ही त्याला त्या नावाने हाक मारलीत. माझा घसा दाटला, म्हणून मी बाहेर गेले. तुम्हाला वाटलं असेल फोन आला.

पार्सलने पाच मच्छरदाण्या पाठवल्या आहेत. चार मांगरात, एक तुमच्या खाटेला. चारी कडा गादीखाली खोचायच्या, नुसती सोडून ठेवायची नाही. आई, तू लहानपणी ती खोचायला लावायचीस आणि मी 'डास कुठे आहेत' म्हणून भांडायचे. तू 'जनावर येतं' म्हणायचीस, म्हणजे साप. ते माझ्या अंधश्रद्धांच्या यादीत होतं. काढून टाकलं.

आणि परवा फोनवर मागून तुझा आवाज ऐकू आला, "बहादूर, चहा घे रे." त्याचं नाव बाबांना विचार. नाहीतर त्यालाच विचार.

तुमची,
ताई