पर्सेंटेजच्या एका रकान्यावर मोसम तोलू नका

मा. संपादक,
स. न.

कालच्या क्रीडा पानावरचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील सर्वांत वरचढ मोसमांचा तक्ता वाचला. मराठी पानावर या खेळाला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला. पण तक्ता मुळातच चुकला आहे. कॉलिंगवुड संघाचा २०११ चा मोसम पहिला आणि एसेंडन संघाचा २००० चा त्याच्या बरेच खाली, याला तुम्ही एकच आधार दिला आहे : पर्सेंटेज.

केलेले गुण भागिले दिलेले (म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी केलेले) गुण, गुणिले शंभर, हे झाले पर्सेंटेज. एकाच मोसमात दोन संघ लॅडरवर (गुणतक्त्यात) बरोबरीत आले तर वर कोण, एवढे ठरवण्यापुरते ते ठीक आहे. ११ वर्षांच्या अंतरावरचे दोन संघ त्याने तोलता येत नाहीत. एसेंडनने २००० च्या साखळीत २८१६ गुण केले आणि १७७० दिले, म्हणजे १५९.१. कॉलिंगवुडने २०११ मध्ये २५९२ केले आणि १५४६ दिले, म्हणजे १६७.७. आता भागाकार सोडून वजाबाकी करा. दोन्हीकडे उत्तर १०४६ येते. सामने दोघांचेही २२, म्हणजे सामन्यामागे सरासरी साडेसत्तेचाळीस गुणांची आघाडी. एका गुणाचाही फरक नाही! तुमच्या तक्त्यातले अंतर केवळ भाजक लहान असल्यामुळे पडले आहे. ६०-४० ने जिंका किंवा १५०-१०० ने, पर्सेंटेज १५०च. क्रिकेटचा नेट रनरेट वजाबाकीने काढतात हे तुमच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे, त्याला हे दोन ओळींत समजले असते. साउथ ऑस्ट्रेलियातील लीग तर दिलेल्या गुणांनी न भागता दोन्ही बाजूंच्या एकूण गुणांनी भागते. त्या रीतीने एसेंडन ६१.४ आणि कॉलिंगवुड ६२.६. साडेआठांचे अंतर सव्वावर येते. सूत्र बदलल्यावर एवढे आक्रसणारे अंतर वरचढपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

कमी गुणांच्या मोसमात तीच आघाडी जास्त मोलाची, असे कोणी म्हणेल. मुद्दा रास्त आहे, पण तो मोजून दाखवावा लागतो. त्या मोसमातल्या प्रत्येक संघाची सामन्यामागची सरासरी आघाडी किंवा पिछाडी काढायची, त्या सगळ्या आकड्यांचे प्रमाण विचलन (आकडे किती विखुरलेले आहेत त्याचे माप) काढायचे आणि आपल्या संघाच्या सरासरीला त्याने भागायचे. मग आपला संघ इतरांपासून किती दूर होता ते कळते. २०११ मध्ये गोल्ड कोस्ट हा नवा संघ उतरला आणि ३ सामने जिंकला. असा कच्चा संघ आला की फरकांचा पसारा वाढतो आणि मोठे विजय स्वस्त होतात. कार्यक्रमही समान नव्हता. १७ संघ आणि २२ सामने, म्हणजे ६ प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा गाठ. ते ६ कोण, यावर पुष्कळ ठरते. म्हणून प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काढून तीही हिशेबात धरावी लागते.

एकच सामना वर्षाचा हिशेब कसा फिरवतो, हे जिलाँग २०११ मध्ये दिसते. त्यांनी मेलबर्नला २३३-४७ असे हरवले, फरक १८६. जिलाँगची साखळीतली एकूण आघाडी होती ९२९, म्हणजे तिचा पाचवा हिस्सा एका दुपारी मिळाला. तो सामना वगळा, पर्सेंटेज १५७.४ वरून १४७.३ वर येते. सरासरीशेजारी मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) छापला तर असा फुगवटा लगेच दिसतो.

आणि ज्याला तुम्ही अव्वल ठरवले ते कॉलिंगवुड त्या वर्षी याच जिलाँगकडून तीनदा हरले : ३ गुणांनी, ९६ गुणांनी आणि ग्रँड फायनलमध्ये ३८ गुणांनी. एसेंडन २००० मध्ये २५ पैकी २४ सामने जिंकले. एकमेव पराभव वेस्टर्न बुलडॉग्जकडून, २१ व्या फेरीत. बाद फेरीची सुरुवात १२५ गुणांच्या विजयाने आणि ग्रँड फायनल ६० गुणांनी. बाद फेरीचे सामने थोडे असतात, त्यामुळे ते साखळीच्या सरासरीत मिसळू नयेत हे मान्य. पण त्यांचा वेगळा रकाना तरी हवा होता. तक्ता १९९० पासूनच का सुरू होतो, हेही कुठे लिहिलेले नाही. १९२९ चे कॉलिंगवुड साखळीत १८ पैकी १८ जिंकले होते. नंतर उपांत्य सामन्यात रिचमंडकडून ६२ गुणांनी हरले आणि साखळीत अव्वल म्हणून तेव्हाच्या नियमाने मिळालेल्या दुसऱ्या संधीत त्याच रिचमंडला हरवून विजेते ठरले. वेगळा रकाना लागतो तो अशा मोसमांसाठी.

आणखी एक तक्रार. २००८ च्या ग्रँड फायनलमध्ये जिलाँगचा स्कोअर तुम्ही '११.२' छापला आहे. मूळ नोंद ११.२३ (८९) अशी आहे. तो दशांश अपूर्णांक नाही. ११ गोल, प्रत्येकी ६ गुण, आणि २३ बिहाइंड (गोल न होता मिळणारा गुण), प्रत्येकी १. हॉथॉर्नचे १८.७ (११५). दशांश समजून आकडा तोडला की सगळा सामनाच हरवतो, कारण ३४ वेळा गुण मिळवूनही जिलाँग २५ वेळा मिळवणाऱ्या हॉथॉर्नकडून २६ गुणांनी हरले. शिवाय त्या २३ पैकी ११ बिहाइंड हॉथॉर्नने स्वतःच चेंडू आपल्या गोलरेषेपलीकडे नेऊन दिले होते, म्हणून नुसती गुणनोंदींची संख्या मोजणेही फसवे. पुढच्या मोसमापासून मुद्दाम दिलेल्या बिहाइंडवर फ्री किकचा नियम आला. निदान हा आकडा उद्याच्या अंकात दुरुस्त करावा, आणि तक्ता पुन्हा छापलात तर केलेले व दिलेले गुण दोन वेगळ्या रकान्यांत द्यावेत.

आपला,
एक नियमित वाचक, मेलबर्न