अथर्वच्या चाकूबद्दल

प्रिय दिल्या,

परवा रात्री तुझा मेसेज वाचला आणि फोनच करणार होतो, पण म्हटलं हे फोनवर नीट होणार नाही, तू मधेच दुसरं काहीतरी काढशील आणि मूळ गोष्ट राहून जाईल, म्हणून बसून लिहितोय. अथर्वला पुण्यात ॲडमिशन मिळाली हे वाचून इतका आनंद झालाय की हिने लगेच त्याच्या रविवारच्या जेवणाचं ठरवूनसुद्धा टाकलं. इंदूरहून एकटा पोरगा येणार म्हणजे आमचं घर त्याचंच, हे वेगळं सांगायला नको.

आता तुझा प्रश्न. पोराला अठराव्या वाढदिवसाला एक चांगला चाकू द्यायचाय, ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये जातोय, पुण्यात दुकान कुठलं आणि किती इंचापर्यंत चालतो. तू हे का विचारतोयस मला माहितीये. तुझ्या आजोबांचा तो शिंगाच्या मुठीचा सुरा, खिरेश्वरवरून तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाला जाताना तू कमरेला लावून पुढे चालायचास आणि वर गुहेत आपण त्यानेच कांदे कापायचो. तसलं काहीतरी पोराकडे असावं असं तुला वाटतंय आणि मलाही वाटतं. पण दिल्या, ते दिवस गावातले होते आणि आता पोरगा पुण्यात हॉस्टेलवर राहणार आहे, म्हणून आधी कायद्याचं सांगतो, दुकानांचं मग.

किती इंच हा प्रश्नच अर्धवट आहे. यूट्यूबवर सगळे सांगतात तीन इंचाच्या आत चालतं, अथर्वनेपण तुला तेच सांगितलं असणार. तो नियम ब्रिटनचा आहे रे, तिकडे घडीचा, लॉक न होणारा आणि तीन इंचापर्यंत धार असलेला चाकू विनाकारणसुद्धा खिशात ठेवता येतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याचे नियम २०१६ चे, त्या नियमांच्या यादीत पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला, कुकरी आणि सुरे येतात, ज्यांचं पातं नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद आहे असे, आणि त्यातून घरकामाची, शेतीची, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं वगळलेली आहेत. म्हणून तर खाटकाचा सुरा, विळी, ऊसतोडीचा कोयता हे सगळं उघड दुकानात टांगलेलं असतं. दिल्लीत परत वेगळं, तिथे १९८० ची एक अधिसूचना आहे, बटणाच्या आणि गरारीच्या, म्हणजे दातेरी खटक्यावर उघडणाऱ्या चाकूंसाठी, ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी असं माप दिलंय. म्हणजे एका गावचं माप दुसऱ्या गावाला लागत नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं बसव.

हे वाचून तुला वाटेल की मग चार इंचाचा चाकू घेतला की झालं. नाही. महाराष्ट्रात अजून एक कायदा आहे जो लोकांना माहितीच नसतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. सण, निवडणूक, मोर्चे, बंदोबस्त असं काही असलं की शहरात पोलीस आयुक्त आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी असते, बहुतेक वेळा चौदा-पंधरा दिवसांचा आदेश, संपला की पुढचा येतो. त्यात तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शेवटी ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ असं असतं. इंच-बिंच काही नाही. पेपरात गुन्ह्याच्या बातमीत आपण वाचतो ना, ‘हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)(३) आणि १३५’, त्यातला हत्यार कायदा म्हणजे वरचा शस्त्र कायदाच आणि बाकीचं ते हेच. १३५ मध्ये एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आज घरातून चाकू घेऊन निघताना तो चालतो की नाही हे चाकूवर जेवढं आहे तेवढंच तारखेवर आणि जागेवर आहे.

मला हे कसं माहीत ते तुला कधी सांगितलं नव्हतं. मागे एकदा गणपतीच्या आधी गावच्या बाजारातून काकांसाठी कोयता घेतला होता, त्यांचा जुना मोडला होता म्हणून. पेपरात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकला, काम आलं म्हणून पुण्यात आलो आणि विसरलो. दोन दिवसांनी रात्री साडेनऊला नाकाबंदीत गाडी थांबवली, डिकी उघड म्हणाले, उघडली. बस. मी पन्नाशीचा माणूस, चष्मा, हातात औषधांची पिशवी, पण त्या क्षणी माझी काय किंमत होती ते मला समजलं. चौकीत नेलं, अडीच तास बाकावर बसलो. बिल नव्हतं, बाजारातला लोहार कुठलं बिल देणार. शेवटी काकांना फोन लावला, त्यांनी सातबाऱ्याचा फोटो पाठवला, गावच्या पोलीस पाटलांशी बोलणं करून दिलं, मग समज देऊन सोडलं आणि कोयता काकांनी येऊन न्यावा असं ठरलं. त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही, आदेश लागू होता आणि मी मूर्खासारखा शेतीचं अवजार शेतापासून कितीतरी किलोमीटर लांब गाडीत घेऊन फिरत होतो. पण हात थरथरत होते रे, घरी येऊन पाणी पिताना पेला धरवत नव्हता. आणि माझ्या जागी अठरा वर्षांचा, बाहेरगावचा, सातबारा नसलेला पोरगा असता तर?

पुण्यात हे इतकं कडक का झालं ते तू तिकडे असल्यामुळे तुला तितकं जाणवलं नसेल. २०२२-२३ मध्ये ‘कोयता गँग’ हा शब्द रोज पेपरात होता, पोरं कोयते नाचवत दुकानं, गाड्या फोडत फिरायची, त्यातली कितीतरी सज्ञानही नव्हती. मग पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना सांगितलं की घेणाऱ्याचं आधार कार्ड घ्या. मला त्या शब्दाचा फार त्रास होतो. आपल्या लहानपणी ओतूरच्या बाहेर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडायच्या, आठवतं? बीडकडून आलेली माणसं. त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, एकटा माणूस असला तर ‘अर्धा कोयता’. म्हणजे ज्या शब्दात दोन माणसांचं अख्खं वर्षाचं पोट आहे तो शब्द आता शहरात गुंडाच्या नावापुढे लागतो. आमच्या गल्लीतल्या एका पोराने, एकोणीस वर्षांचा असेल, नुसता हातात कोयता धरून स्टेटस ठेवलं होतं, कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता. गुन्हा दाखल झाला. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे चारला पळायला जायचा. आता चारित्र्य पडताळणीचा कागद आला की त्याची आई माझ्याकडे येऊन विचारते काय लिहायचं, आणि मला काही सांगता येत नाही.

म्हणून अथर्वला एवढं समजव. फोटो, स्टेटस, रील काही नाही. ‘स्वतःच्या संरक्षणासाठी ठेवलाय’ हे वाक्य कुणी विचारलं तर तोंडातून काढायचं नाही, कारण त्या एका वाक्याने स्वयंपाकाचा चाकू हत्यार होतो. बटण दाबलं की उघडणारा, दोन्ही बाजूंनी धारेचा, काळा रंग दिलेला, असलं काही ऑनलाइन मागवायचं नाही, मग ते तीनशे रुपयांना मिळो की फुकट. असलं पातं कांदा कापायला आहे हे कोण मानणार? आणि इंदूरहून विमानाने येणार असेल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत, केबिनच्या बॅगेत राहिला तर सिक्युरिटीला काढून घेतात.

अजून एक जे मलाही अलीकडेच कळलं आणि कळल्यावर मी हादरलो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जायला बंदी आहे, आणि त्याच कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकू स्पष्ट लिहिलाय. आणि हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे! १९८६ पासून! म्हणजे आपण त्या सुऱ्याने वर कांदे कापत होतो तेव्हाही होतंच. भीमाशंकरही अभयारण्य आहे, कोयनाही. त्यामुळे ट्रेक कुठला ते आधी बघायचं, आणि अभयारण्यातला असेल तर चाकू घरी, भाजी घरून चिरून डब्यात न्यायची. वर गावातली लोकं पिठलं-भाकरी करून देतातच.

आता दुकानं. तुला नुसता चांगला घडीचा चाकू हवा असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा घे, मोठ्या दुकानातून, बिल घेऊन. ओपनर, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, चिमटा असलेला तो चाकू पाहिल्यावर कुणाच्याही लक्षात येतं की हे कामाचं आहे. नकली फार आहेत, म्हणून फुटपाथवरचा नको. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरची दुकानं आहेत, तिथे सुरे, कात्र्या, खुरपी, कोयते सगळं मिळतं, आणि भाव करावा लागतो. स्वयंपाकघराचे चाकू आणि विळ्या तुळशीबागेत, मंडईच्या बाजूला. मुंबईला कधी गेलास तर नागदेवी स्ट्रीट, आणि गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, तिथे कोयत्या इतक्या देखण्या असतात की मी नुसता बघत उभा राहतो. कोकणात माणूस कमरेला मागे आकडी बांधून त्यात कोयती अडकवून माडावर चढतो, त्याला कुणी अडवत नाही, कारण माड समोर उभा असतो.

पण मला विचारशील तर दुकानातला घेऊच नकोस. आपल्या गावच्या बाजारात ते लोहार अजून बसतात, आता मुलगा बसतो, भाता हाताचा नाही, मोटरचा पंखा आहे, पण ऐरण तीच. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद घेतो. मी गेल्या वर्षी भाजीचा एक सुरा करून घेतला, साडेचारशे रुपये, आणि समोर उभा राहून सगळं बघितलं. तापवून ठोकून आकार दिला, मग परत लाल केला, लोहचुंबक लावून बघितलं, चुंबक चिकटेनासं झालं तेव्हा म्हणाला आता झालं आणि पाणी दिलं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवलं. नुसतं पाणी देऊन सोडला तर पातं काचेसारखं होतं, पडलं तर टवका उडतो, म्हणून नंतर परत हलका ताव देऊन थोडा मऊ केला. या दुसऱ्या तावात खरी कसब आहे, घाई करणाऱ्याच्या हातचा चाकू इथेच बिघडतो. घेताना पातं डोळ्यासमोर धरून कणा सरळ आहे का बघायचा, लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय का बघायचं, आणि पेपर उभा धरून कापायचा, फाटला तर धार नाही, चिरला तर आहे.

हे पोलाद गंजतं, ते त्याला सांग. लिंबू-आमसूल लागलं की काळं पडतं, ते पडू दे, गंज नको. धुवून लगेच पुसायचा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. धार त्याने स्वतः लावायला शिकावं, मी शिकवेन, दगड भिजवून पातं साधारण वीस अंशात धरायचं आणि घाई करायची नाही. आमच्याकडे अजून सायकलवर धारवाला येतो पण तो चाकावर इतकं झिजवतो की दोन वर्षांत सुरीची सळई होते.

आणि हॉस्टेलवर चाकू ठेवायचा नाही. कितीही चांगला पोरगा असू दे, खोलीत चार जण असतात, कुणाचं भांडण कधी होईल सांगता येत नाही आणि त्या वेळी हाताशी काय असेल ते महत्त्वाचं असतं. चाकू माझ्या घरी राहील, स्वयंपाकघरात, वरच्या खणात. ट्रेकच्या आदल्या दिवशी त्याने यायचं, जेवायचं, मी मनाई आदेश आहे का ते बघेन, मग म्यानात घालून कापडात गुंडाळून सॅकच्या तळाला, भांड्यांच्या आणि शिध्याच्या बरोबर. कमरेला नाही, खिशात नाही. ट्रेकहून आला की आधी माझ्याकडे. त्याला हे जाचक वाटेल, तुलाही वाटत असेल, पण मी त्या बाकावर बसलोय.

लोहाराशी बोलून ठेवलंय. पातं चार इंच, एका बाजूला धार, टोक जास्त अणकुचीदार नको म्हटलंय. मूठ बाभळीची करतो म्हणाला, मी शिसवीची विचारली तर लाकूड तुम्ही आणा म्हणाला, तर तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर त्या मोडक्या पलंगाचे खूर अजून असतील ना, ते शिसवीचेच होते, चावी कुणाकडे आहे तेवढं कळव, मी जाऊन एक घेऊन येतो. आणि मुठीसाठी माप लागतं, तेव्हा अथर्वला हाताचा पंजा कागदावर ठेवायला सांग, पेन्सिलीने बाहेरून रेघ मार आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठव. उजवा हात. की आजोबांसारखा डावखुरा आहे?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू